घर पाहावे बांधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो गृहस्थ खासच आपल्या अर्ध्या बांधलेल्या घरासमोर उभा राहून रिकाम्या थैलीकडे पाहत असला पाहिजे. तिच्यातील सारी कळकळ घरमालकाची आहे. घर बांधून मोकळ्या झालेल्या कोणाही गृहस्थास विचारा. सिमेंटचा भाव ऐन वेळी कसा चढला, वाळूची गाडी कोठे अडली, सुताराने दोन चौकटींस तीन महिने कसे लावले, हे तो तपशीलवार सांगेल, आणि ऐकणाऱ्याने स्वतःही घर बांधलेले असेल तर दोघांची संध्याकाळ मोठ्या सुखात जाईल. अशा बैठकींत मी पुष्कळदा बसलो आहे. पण ‘आमच्या कामावर एका बाईचा हात मोडला’ असे वाक्य मी त्यांत कधी ऐकले नाही. हात मोडत नाहीत असे थोडेच आहे? ती हकिगत घराच्या हकिगतीत धरण्याचा प्रघात नाही, एवढेच.

हा प्रघात फार जुना आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी शिलास्तंभावर कायदे कोरविले, त्यांत घर बांधणाराविषयी काही कडक कलमे आहेत. कच्चे बांधलेले घर कोसळून मालक मेला तर बांधणारास देहान्त. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाराच्या मुलास देहान्त. गुलाम मेला तर गुलामाच्या बदली गुलाम. शिक्षेची तऱ्हा सोडून द्या. या कलमांत घराखाली सापडणारा प्रत्येक माणूस त्या घरात राहणारा आहे. घर उभे होत असता त्याखाली जो सापडतो, त्याचे नाव त्यांत नाही.

माझे धाकटे बंधू नोकरीनिमित्त पुण्यास असतात. पुढेमागे गावी येऊन राहावे या इच्छेने त्यांनी शहाद्याच्या बाहेर एक जागा घेतली, आणि मी शाळेतून निवृत्त झालेला असल्यामुळे तीवरील घराची देखरेख ओघानेच मजकडे आली. देखरेख म्हणजे काय, हे त्यांनी मला दूरध्वनीवर नीट समजावून दिले: गोण्या मोजाव्या, सळईचे वजन समक्ष करावे आणि भिंतींवर वेळच्या वेळी पाणी पडते की नाही ते पाहावे. मी तसे करू लागलो. पण रोज सकाळी दोन तास एका जागी उभे राहणाराची नजर गोण्यांवरच किती वेळ ठरणार? ती हळूहळू गोणी वाहणाराकडे वळते.

तापीच्या दोन्ही तीरांवरची आमची जमीन काळी, खोल आणि कसदार. कापूस आणि ऊस तिच्यात उत्तम होतो. गवंड्याला मात्र ती आवडत नाही. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घर उभे करावयाचे तर खालच्या पक्क्या थरापर्यंत जावे लागते. आमच्या खांबांचे खड्डे याच कारणाने सात फूट खोल ठरले होते. खणण्याच्या कामावर जे चौघे आले, ते धडगावकडील डोंगरातले. त्यांत एक म्हातारा होता. दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यातून वर आला, काठाशी उकिडवा बसला आणि खाली उतरेना. मिस्त्रींनी विचारले तेव्हा त्याने बोटाने जमीन दाखविली. काठापासून दोन हातांवर, काठाला समांतर, सुतासारखी एक भेग गेली होती. ‘वर माती फुटेल शे,’ एवढेच तो म्हणाला. मिस्त्री हसले आणि मजकडे वळून म्हणाले, ‘काही नही व्हई, गुरुजी.’

‘काही नही व्हई’ हे आमच्या खानदेशातले फार थोर वाक्य आहे. त्याने आजवर कित्येक लग्ने जमविली आहेत आणि कित्येक दिवाळखोरांना धीर दिला आहे. पण भेगेशी त्याचा संबंध नाही. खणून काढलेल्या मातीचा ढीग आम्ही अगदी काठावरच रचला होता. म्हणजे जी कड आतून आधार गमावून बसली, तिच्याच डोक्यावर ओझे दिले होते. घनमीटरभर माती म्हणजे पंधरा ते अठरा क्विंटल. एवढी माती माणसाच्या छातीपर्यंत आली, तरी तोंड उघडे असूनही त्याला श्वास घेता येत नाही, कारण छाती फुलावयास जागाच राहत नाही. बाहेरचे लोक फावडी घेऊन धावतात, आणि जो खाली असतो त्याच्याजवळ काही मिनिटेच असतात. म्हणूनच आपल्याकडील मानकात असे सांगितले आहे की दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजू एकतर उतरत्या कापाव्या, नाहीतर फळ्या-टेकूंनी आवराव्या. दीड मीटर म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या खांद्याच्याही वर. म्हाताऱ्याला मानक ठाऊक नव्हते. त्याला भेग ठाऊक होती.

त्या दिवशी ढीग मागे सारला आणि त्या खड्ड्याच्या बाजू तिरप्या कापल्या. अर्धा दिवस गेला. पलीकडचा एक खड्डा राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी करू असे ठरले, आणि रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी जाऊन पाहतो तो त्या राहिलेल्या खड्ड्याची एक बाजू सबंध आत बसलेली. रात्री खड्ड्यात कोणी नव्हते, म्हणून ही गोष्ट मी अशा निवांत स्वरात सांगू शकतो.

तेव्हापासून गोण्या मोजण्यापूर्वी सर्व कामाला एक फेरी घालावी असा मी नेम केला. त्यावरून मला असे वाटू लागले की बांधकामावरचा धोका बहुधा लपून बसलेला नसतो. तो उघडा, दिवसाढवळ्या, रोज त्याच जागी असतो, आणि रोज दिसतो म्हणूनच दिसेनासा होतो. कठडा नसलेला जिना हेच पाहा. जिन्याच्या पायऱ्या होतात तेव्हापासून लोखंडी कठडा बसेपर्यंत चार-सहा महिने जातात. आणि वरच्या साऱ्या मजल्याचे वाळू, विटा, पाणी त्याच जिन्याने चढते. डोक्यावर भरलेले घमेले घेऊन चढणाऱ्या बाईला स्वतःचे पाऊल दिसत नाही. ती पायऱ्या मनात मोजून चढते. जिन्याच्या मधल्या वळणावर तिला दुसरी उतरती बाई भेटते, आणि दोघींतील एकीला कडेने जावे लागते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मी तर म्हणेन की आपण त्याचे कौतुकही केले आहे. बायका किती सफाईने चढतात म्हणून.

दुसरी गोष्ट तारेची. नव्या वसाहतींत वीज आधी येते आणि घरे मागाहून, त्यामुळे कित्येकांच्या गच्चीजवळून अकरा हजार व्होल्टची तार गेलेली असते. पंख बसलेल्या पाखराला काही होत नाही हे पाहून माणसाचा तिच्यावर विश्वास बसतो. पण लोखंडाची सळई बाजारातून येते ती बारा मीटरची. गच्चीवर उभा राहून ती खालून ओढून घेणारा मुलगा सळईचे जवळचे टोक पाहत असतो. दूरचे टोक हवेत कोठे फिरते आहे हे त्याला कळत नाही. अशा तारेला स्पर्शही लागत नाही, पुरेसे जवळ गेले तरी ती ठिणगी टाकते. आमच्या येथे तार रस्त्याच्या पलीकडे होती; तरी सळया खालीच मापाने कापून वर न्याव्या असे ठरविले. मिस्त्रींना ते पटले, कारण लोखंडही कमी वाया गेले. कित्येकदा सुरक्षितपणाला काटकसरीचे बोट धरून आत यावे लागते.

खिळे वर करून पडलेल्या फळ्या, कालवणयंत्राच्या फिरत्या दांड्याजवळ वाऱ्याने उडणारा पदर, सिमेंटच्या ओल्या चिखलात दिवसभर अनवाणी उभे राहून भाजून निघालेली पावले. किती म्हणून सांगावे? जिन्याखालच्या सावलीत, दोन टेकूंना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत एक मूल झोपविलेले असे. सावली तेवढी एकच होती आणि पारा चाळिशीच्या पुढे गेला होता, म्हणून आईने जागा निवडली ती चूक म्हणता येईना. पण ज्या टेकूंवर वरचे ओले काँक्रीट तोललेले, त्यांनाच झोळी! पुढे आम्ही कुंपणाजवळ बाभळीखाली गोणपाटाचा मांडव घातला. त्याला लागलेला खर्च इतका थोडा होता की तो वहीत लिहावयाचाही राहून गेला.

मात्र सारेच धोके असे उघडे नसतात, आणि जो डोळ्यांना दिसत नाही त्याच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो अंगणातच असतो. शौचालयाची टाकी बांधतात तेव्हा तिच्यावर स्लॅब टाकण्यासाठी आतून फळ्या आणि टेकू लावलेले असतात. स्लॅब पक्का झाला म्हणजे एक माणूस तोंडातून आत उतरतो आणि त्या फळ्या सोडवितो. टाकी कोरी करकरीत. तिच्यात अजून घाणीचा थेंब पडलेला नाही. म्हणून तिचे भय कोणालाच वाटत नाही. पण ओले लाकूड आणि तळाशी साचलेले पाणी बंद जागेत कुजत राहते, आणि त्या कुजण्यात आतला प्राणवायू संपत येतो. जो उतरतो तो दोनचार श्वासांत बसकण मारतो. त्याला काढावयास दुसरा धावतो, तोही तेथेच पडतो. हा दुसरा बहुतेक पहिल्याचा भाऊ, मित्र किंवा घरचा मालक असतो; आपल्या देशात अशी दुहेरी-तिहेरी मरणे पुनःपुन्हा घडली आहेत. विहिरीत उतरण्यापूर्वी जळता कंदील सोडून पाहण्याची रीत पूर्वी होती. ज्योत मंदावली तर माणूस उतरत नसे. ती रीत पूर्ण भरवशाची नव्हती, कारण काही विषारी वायू ज्योतीला कळत नाहीत आणि काही तिने पेट घेतात. आता हवा तपासण्याचे छोटे यंत्र मिळते. टाकीची तोंडे उघडी ठेवावी, पंख्याने आत हवा सोडावी, हवा मोजावी, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून त्याचे टोक बाहेरच्याने हाती धरावे, हे सर्व करता येते. पण त्याहून सोपी गोष्ट निराळीच आहे. टाकीवर स्लॅब न ओतता, बाहेर ओतून वाळविलेल्या काँक्रीटच्या तयार लाद्या तिच्यावर मांडल्या, तर आत फळ्या नाहीत, टेकू नाहीत, आणि कोणाला आत उतरण्याचे कारणच नाही. आम्ही तसे केले.

या लाद्यांपासून मी जे शिकलो ते पुस्तकात अधिक नीट सांगितलेले आहे हे मागाहून समजले. धोका आढळला म्हणजे प्रथम तो समूळ नाहीसा करता येतो काय ते पाहावे. तसे नसेल तर त्याच्या जागी सौम्य गोष्ट आणावी. तेही न साधले तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काही आडवे उभे करावे, कठडा म्हणा, जाळी म्हणा. मग कामाची रीत आणि वेळ बदलावी. आणि इतके सर्व करूनही जे उरेल, त्यासाठी माणसाच्या अंगावर टोपी, पट्टा आणि जोडे चढवावे. आपण नेमके उलट्या टोकाने आरंभ करतो. मीही आठ पिवळ्या टोप्या आणविल्या होत्या. चार दिवसांनी एकीत खिळे, एकीत चुना, आणि एकीत म्हाताऱ्याची तंबाखू असे. टोप्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही; वरून वीट पडली तर टोपीच वाचविते, आणि पुढे रोज एकदा तरी त्या डोक्यावर चढाव्यात म्हणून मी पाठपुरावाही केला. पण टोपीने काठ नाहीसा होत नाही. वरून पडणाऱ्या विटेचे ओझे तिने घेतले तरी वरून पडणाऱ्या माणसाचे ती काय करणार?

अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या खाडीवर १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट नावाचा झुलता पूल बांधला गेला. मोठ्या पुलाच्या कामात दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक बळी जावयाचाच, असा त्या काळी अलिखित हिशेब धरीत. आणि या पुलाचा खर्च साडेतीन कोटींच्या घरात होता. मुख्य अभियंते जोसेफ स्ट्रॉस यांनी डोक्यावर कठीण टोपी सक्तीची केली, तथापि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुलाच्या लांबीभर खाली दोरांची एक अवाढव्य जाळी टांगली. तिच्यात पडून एकोणीस माणसे वाचली. जवळजवळ चार वर्षे एकच माणूस दगावला होता. मग १७ फेब्रुवारी १९३७ रोजी पुलाखालच्या फळ्या सोडविणाऱ्यांचा लोंबता मचाणच निसटला, त्याच्या भाराने जाळी फाटली आणि दहा जण गेले. जाळी माणसाच्या भाराची होती, मचाणाच्या नव्हे. मला या हकिगतीत दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात. जाळीने वाचलेले एकोणीस, आणि अखेरच्या दिवसांत, फळ्या काढताना, गेलेले दहा.

फळ्या काढण्याच्या वेळेविषयी आपल्याकडेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. स्लॅब ओतला म्हणजे खालचे टेकू किती दिवस ठेवावे याचे नियम ठरलेले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. तुळई सहा मीटरपर्यंत असेल तर चौदा, त्याहून लांब असेल तर एकवीस. हे आकडे मिस्त्रींना माझ्याहून चांगले पाठ होते. मग ते पाळले का जात नाहीत? मी एकदा त्यांच्याजवळ चहा पीत बसलो असता उलगडा झाला. टेकू आणि लोखंडी पत्रे भाड्याचे असतात आणि भाडे दिवसावर चढते. काम उक्ते दिलेले. म्हणजे ठरलेल्या रकमेतून हे भाडे मिस्त्रींच्या खिशातून जावयाचे. शिवाय तेच पत्रे पुढल्या कामावर पाहिजे असतात, आणि तेथील मालक रोज निरोप पाठवीत असतो. सातव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी टेकू काढणारा माणूस बेफिकीर असेलच असे नाही. तो कित्येकदा केवळ हिशेबी असतो, आणि तो हिशेब आपणच त्याला घालून दिलेला असतो. आम्ही बंधूंच्या संमतीने पत्र्यांचे भाडे उक्त्यातून वेगळे काढले आणि जितके दिवस लागतील तितक्या दिवसांचे मालकाने द्यावे असे ठरविले. त्यानंतर टेकूंवरून एकदाही वाद झाला नाही. मिस्त्री स्वतःच चौदावा दिवस मोजू लागले. हे गृहस्थ स्वतः तरुणपणी सुरतेस परांचीवरून पडलेले होते. डावा खांदा अजून वर जात नसे. ‘काही नही व्हई’ हे वाक्य ते कशाच्या जोरावर म्हणत, हे कोडे मला उलगडले नाही. कदाचित तसे म्हटल्यावाचून पुन्हा परांचीवर चढताच येत नसेल.

मोठे अपघात आपण वाचतो. लोहमार्गासाठी १८५६ ते १८६३ या वर्षांत बोरघाट फोडला गेला. काम ऐन भरात असता चाळीस हजारांवर मजूर तेथे होते, आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून हजारो मेले. त्या मार्गावरून आपण पुण्या-मुंबईस जातो आणि खिडकीतून धबधबे पाहतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ अपुरी इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांत तिच्यावर काम करणारे आणि कामापुरते तिच्यातच राहणारे कुटुंबवाले होते. २९ जून २०१९ रोजी पुण्यास कोंढव्यात संरक्षक भिंत ढासळून तिच्या पायथ्याशी झोपड्यांत झोपलेले १५ जण दगावले. त्यांत लहान मुले होती. समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तुळई चढविण्याचे प्रचंड यंत्र कोसळले आणि २० जण मेले. अशा वेळी चौकशी होते, मदत जाहीर होते, काही दिवस आपण हळहळतो. एकेकटा पडणारा माणूस मात्र असा वर्तमानपत्रात येत नाही. तो जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत येतो, किंवा येतच नाही.

आमच्या शेजारच्या जागेवर एक घर चालले होते. कोणाचे ते सांगण्याचे कारण नाही. तेथे तळोद्याकडील एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बिगारी होता. जिन्याच्या मोकळ्या कडेवरून तो खाली विटांच्या ढिगावर पडला. मांडीचे हाड मोडले. मालकाने त्याला दवाखान्यात नेले, आरंभीचे बिल भरले, आणि त्याबद्दल तो गृहस्थ स्वतःला उदार समजत असे; त्याच्या जागी पुष्कळांनी तेवढेही केले नसते हेही खरे. चार महिन्यांनी मुलगा कुबडीवर परत आला. त्याला पैसे नको होते. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवावयाचे तर वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो त्याला पाहिजे होता. मालक म्हणाले, ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणाला, तू सलग माझ्याकडे कोठे होतास? चाळीस दिवस येथे, वीस दिवस दुसरीकडे, मधले दोन महिने गुजरातेत उसतोडीला. नव्वद दिवस त्याने भरले होते, यात शंका नाही. पण ते अनेक अंगणांत विखुरलेले होते.

कायद्याची स्थिती अशी. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून त्यांचे कल्याण करावे अशी व्यवस्था झाली. त्या कायद्यात, स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या दहा लाखांपर्यंतच्या घरास सूट होती. त्याची जागा घेणारी संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली; तिच्यात ही मर्यादा पन्नास लाखांची आहे. दहाहून कमी माणसे लावणारी कामेही तिच्या कक्षेबाहेर आहेत. सामान्य घरमालकाला निरीक्षकांचा आणि कागदांचा जाच होऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा निघालेला आमचा हा जिल्हा. येथे नंदुरबार, शहादे, नवापूर या गावांभोवती ज्या वसाहती गेल्या पंचवीस वर्षांत वाढल्या, त्यांतील बहुतेक घरे शिक्षकांची, कारकुनांची, दुकानदारांची आणि बागाईतदारांची. अशी घरे पन्नास लाखांच्या आत, सात-आठ माणसांच्या हातांनी उठतात. म्हणजे तेथे सरकारचा डोळा नाही, अभियंता स्लॅबच्या दिवशी तासभर येणार, मिस्त्रींना पुढल्या कामाची घाई, आणि ज्याला भेग दिसते त्या म्हाताऱ्याला बोलण्याचा अधिकार नाही; त्याचा रोज दुसऱ्या दिवशी बंद होऊ शकतो. उरतो तो गोण्या मोजणारा मालक. काम थांबवा असे म्हणण्याची सत्ता त्या आवारात त्या एकट्याजवळ आहे, कारण पैसे त्याचे आहेत. आणि त्याला कोणी सांगितलेलेच नाही की ती त्याच्याजवळ आहे.

त्या म्हाताऱ्याला मी एकदा त्याच्या गावच्या घराविषयी विचारले. लाकडी खांब, कुडाच्या भिंती, वर कौले. ते कोणी बांधले, असे विचारताच त्याला प्रश्नाचेच नवल वाटले. साऱ्या पाड्याने. एका दिवसात आढे चढते, संध्याकाळी जेवण. कोणी पडले नाही कधी? तो विचार करून म्हणाला की आढे चढते तेव्हा खाली उभा असलेला प्रत्येक जण वरच पाहत असतो. वर भाऊ असतो किंवा मेहुणा असतो. डोंगरातल्या आयुष्याचे गोडवे गाण्याची हौस मला नाही. त्या पाड्यावरून दवाखान्यास आणीपर्यंत माणसाचे काय होते हेही त्यानेच मला सांगितले. पण ‘प्रत्येक जण वरच पाहत असतो’ हे शब्द मला आमच्या जिन्याशी पुष्कळ वेळा आठवले.

जिन्याला आम्ही बांबूचा कठडा केला होता. प्रत्येक पायरीच्या कडेला उभा बांबू, त्यांना कमरेच्या वर एक आडवा आणि गुडघ्याशी एक, खाली घमेल्यातून सांडलेली वीट पलीकडे जाऊ नये म्हणून उभी फळी. बांबू, दोर आणि एका माणसाची दिवसाची मजुरी, मिळून दोन हजार आठशे रुपये. बंधूंनी हिशेब पाहिला तेव्हा सगळ्या वहीत त्यांची शंका याच एका ओळीवर होती; शेवटी लोखंडी कठडा बसणारच आहे, मग हा दुसरा कशाला? मी कारण सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘असे होय.’ पुढे त्याविषयी त्यांनी कधी काढले नाही.

लोखंडी कठडा बसला त्या दिवशी मिस्त्रींनी बांबू सोडले आणि एका बाजूस नीट रचून ठेवले. दुपारी जाताना त्यांनी विचारले, ‘गुरुजी, हे नेऊ का? डोंगरगाव रस्त्याला नवे काम धरले आहे.’ मी म्हटले, न्या. त्यांनी मोजले; बावीस भरले. तेथील जिना दोन मजल्यांचा होता. आणखी वीस लागतील, मालकांना सांगून पाहतो, असे म्हणत त्यांनी ते हातगाडीवर बांधले.